बादलीभर गरम पाण्याचं गणित

जानेवारीतली सकाळ, वेळ पावणेसहा. बाथरूमच्या दारावर थापा. "अगं, किती वेळ? माझं सव्वासातचं प्रॅक्टिकल आहे!" आतून ओरडा, "पाणीच तापलं नाहीये अजून, मी काय करू?" तिसरी पांघरुणातून, "गीझर बंद कोणी केला रात्री?" आणि चौथी, म्हणजे आमची लातूरकर, या सगळ्या गोंधळात एका बादलीत अंघोळ उरकून, केस विंचरत बसलेली.

कर्वेनगरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघी राहतो. लातूरकर, नाशिककर, सावंतवाडीवाली आणि मी. नावानं हाक मारायची पद्धत आमच्यात पहिल्याच सेमिस्टरला बंद पडली. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई, आमच्या काकू. भाडं त्यांना आणि वीजबिल आमचं आम्ही, असा सरळ व्यवहार. तो जानेवारीच्या बिलापर्यंत सरळ होता.

ऑक्टोबरचं बिल होतं १४६ युनिटचं. जानेवारीचं आलं २८७ युनिटचं. पंखे बंद, कूलर कधीच नव्हता, फ्रिज तोच. म्हणजे १४१ युनिट नेमके गेले कुठे? आता महावितरणच्या घरगुती दरांची गंमत अशी, की पहिल्या १०० युनिटचा दर वेगळा आणि १०१ ते ३०० मधल्या युनिटचा दर त्याच्या जवळजवळ दुप्पट. आमचे हे जास्तीचे सगळेच्या सगळे युनिट त्या महागड्या पायरीवरचे. दीड हजाराच्या वर फटका बसला.

बिल चौघींत सारखं वाटायचं असं ठरलेलं. पण त्या रात्री लातूरकर पहिल्यांदा बोलली. "मी एक बादली वापरते. केस आठवड्यातून एकदा धुते. मी चौथा हिस्सा का देऊ?" आवाज चढवून नाही, अगदी साधेपणानं. तिचे वडील एसटीत आहेत, घरून येणारे पैसे ठरलेले असतात आणि चारशे रुपये म्हणजे तिची मेसची जवळपास आठवडाभराची सोय. शिवाय लातूरच्या पोरीला पाण्याबद्दल आपण काय शिकवायचं! २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा ती शाळेत होती. बादलीचा हिशोब तिच्या हाडीमाशी आहे.

आम्ही तिघी गप्प. नाशिककर, जिचं शॉवरखाली अख्खं गाणं पूर्ण होतं, ती जास्तच गप्प.

मीटरसमोर खुर्ची

दुसऱ्या दिवशी भांडण सोडवायला आम्ही अकरावीचं फिजिक्स बाहेर काढलं. एक लिटर पाणी एक अंश तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, हे सगळ्यांनी कधी ना कधी घोकलेलं असतं. मग २० लिटरची बादली २० अंशांवरून अंघोळीच्या ४० अंशांवर न्यायची तर? साधारण १,६७० किलोज्यूल. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. म्हणजे एक बादली गरम पाणी, अर्ध्या युनिटला थोडं कमी.

हा आकडा लक्षात ठेवा, फार कामाचा आहे. कारण तो यंत्रावर अवलंबून नाही. रॉड असो, तीन लिटरचा इन्स्टंट गीझर असो की पंचवीस लिटरचा मोठा टाकीवाला, विजेची कॉइल वापरून पाणी तापवायचं तर त्या बादलीला जवळपास तेवढीच वीज लागणार. "रॉडला कमी वीज लागते" आणि "इन्स्टंट गीझर वीज खातो" ही दोन्ही वाक्यं हॉस्टेलच्या अफवा आहेत. दीड किलोवॉटचा रॉड तेच काम वीस मिनिटांत करतो, तीन किलोवॉटचा इन्स्टंट दहा मिनिटांत. फरक वेळेचा आहे.

(रॉडबद्दल एवढंच सांगते: तो पाण्यात असताना आणि बटण चालू असताना बादलीत बोट घालून "तापलं का" हे बघणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग बोट. पहिल्या वर्षी आमच्या हॉस्टेलात एकीची बादली वितळून रॉडला चिकटली होती, ती मुलगी आता सीए करते आहे, हिशोबात पक्की झाली असावी.)

तर आमचा हिशोब. चौघींची सरासरी दीड बादली धरली, म्हणजे माणशी ०.७ युनिट, दिवसाला २.८, महिन्याला ८४. पण वाढलेले युनिट १४१. उरलेले ५७ कुणी प्यायले?

सावंतवाडीवालीनं युक्ती काढली. एका शनिवारी रात्री अकराला फ्लॅटमधलं सगळं बंद केलं, अगदी फ्रिजसुद्धा. फक्त गीझर चालू. मीटरचा आकडा मोबाइलवर टिपला. सकाळी सातपर्यंत कुणी नळालाही हात लावायचा नाही. सकाळी चौघी पायऱ्या उतरून मीटरसमोर. आठ तासांत ०.६ युनिट गेले होते. एकही थेंब न वापरता!

म्हणजे दिवसाला १.८ आणि महिन्याला ५४. हरवलेले ५७ आणि सापडलेले ५४. खुर्ची घेऊन मीटरसमोर बसलेल्या आम्हाला पाहून काकूंनी विचारलं, "काय गं मुलींनो, मीटर पळून जातंय का?" हो काकू, तेच तर होतंय.

झालं असं होतं, की आमचा पंचवीस लिटरचा गीझर जुना, त्याचा लाल दिवा गेलेला, त्यामुळे चालू आहे की बंद हे कळायचंच नाही. म्हणून तो चोवीस तास चालू. आत सत्तर अंशाला पाणी तयार, बाहेर थंडी. टाकीच्या पत्र्यातून उष्णता बाहेर झिरपत राहायची, थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा कॉइल चालू करायचा. आम्ही कॉलेजात, लायब्ररीत, टपरीवर, आणि तो बिचारा घरी एकटाच आमच्यासाठी पाणी तापवत बसलेला. लातूरकरचा मुद्दा अर्धा बरोबर निघाला आणि अर्धा नाही. नाशिककरच्या शॉवरपेक्षा आमच्या सगळ्यांच्या विसरण्याची किंमत फार कमी नव्हती.

स्टार नेमका कशाचा?

दुकानात गेलं की विक्रेता पहिल्यांदा स्टार दाखवतो. बीईई म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचं ते लेबल एकदा नीट वाचा. फ्रिजवरचा स्टार आणि टाकीवाल्या गीझरवरचा स्टार एकाच जातीचे वाटतात, पण गीझरचा स्टार मोजतो तो 'स्टँडिंग लॉस', म्हणजे पाणी नुसतं गरम राखण्यात चोवीस तासांत किती वीज वाया जाते. आमच्या शनिवारच्या प्रयोगाचीच ती सरकारी आवृत्ती म्हणा ना! टाकीभोवतीचा फोमचा थर जितका चांगला, तितके स्टार जास्त.

याचा सरळ अर्थ असा, की जो माणूस गीझर वीस मिनिटं लावतो, अंघोळ करतो आणि बटण बंद करतो, त्याला एका स्टारचा आणि पाच स्टारचा फरक बिलात फारसा दिसणार नाही. पण ज्या घरात सहा माणसं सहा वेगळ्या वेळी उठतात, किंवा आमच्यासारखी विसरभोळी आहेत, तिथं पाच स्टार पैसे वसूल करून देतो. विक्रेता हे सांगत नाही. त्याचंही बरोबर आहे म्हणा, त्याला पाच स्टारवालाच विकायचाय.

टाकीचा आकारही डोळे उघडे ठेवून घ्यावा. १५ लिटरच्या टाकीत ६० अंशाचं पाणी, त्यात तेवढंच गार मिसळलं की अंघोळीलायक ३० लिटर होतं, म्हणजे दीड बादली. दोन किलोवॉटची कॉइल ते वीस-एकवीस मिनिटांत तयार करते. एकामागोमाग एक अंघोळी होणार असतील तर चार जणांना पंचवीस लिटरची गरजच नाही. थर्मोस्टॅटची कळ प्लंबर बहुतेक वेळा शेवटपर्यंत फिरवून जातो, ती ६० च्या आसपास आणा. पार खाली ४० वर मात्र नको, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. आणि आपल्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर कॉइलवर पांढरा क्षाराचा थर चढतो, आतली उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि कॉइल जळते. वर्षा-दोन वर्षांनी टाकी उघडून साफ करणं आणि आतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड खंगला असेल तर बदलणं, हे काम गीझर बंद पडायच्या आधी करायचं असतं. आपण नंतर करतो.

वरच्या मजल्यावरची गोष्ट

एवढा अभ्यास झाल्यावर काकूंकडे गेलो. काकूंचं म्हणणं, "अगं, एवढं कशाला? गॅस गीझर बसवून देते. पाचेक हजारात काम. वरच्या मुलांकडे आहे की."

आकड्यांत बघितलं तर काकू चुकत नव्हत्या. एका बादलीला साधारण ४५ ते ५० ग्रॅम गॅस पुरतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये तीनशेच्या आसपास बादल्या होतात. सिलिंडरचा भाव तुम्हाला माहीत आहे, भागून बघा. महागड्या पायरीवरच्या विजेपेक्षा हा सौदा स्वस्त पडतो, आणि पाणीही झटक्यात. आम्ही तर हो म्हणणारच होतो. नाशिककर खुश, कारण शॉवर पुन्हा सुरू.

त्याच आठवड्यात वरच्या फ्लॅटमधला एक मुलगा बाथरूममध्ये पडला. दार आतून बंद, खिडकीला थंडी म्हणून पुठ्ठा लावलेला, गीझर आतच भिंतीवर. त्याच्या रूममेटला पाण्याचा आवाज येत होता पण हाकेला उत्तर येत नव्हतं. त्यानं आधी चिडून दार वाजवलं, त्याला क्लासला उशीर होत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की पाणी तर एकसारखं एकाच आवाजात पडतंय. अंघोळ करणाऱ्या माणसाचं पाणी असं पडत नाही. त्यानं खांदा लावून कडी तोडली.

आम्हाला धावपळीचा आवाज आला तेव्हा त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून जिन्यात आणलं होतं. ओठ विचित्र दिसत होते. रिक्षातून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, संध्याकाळी शुद्धीवर नीट बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं आत असता तर काही सांगता आलं नसतं. त्या रूममेटला क्लासला उशीर होत नसता तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण दर हिवाळ्यात पेपरात अशी एखादी तरी बातमी असते. गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. छोट्या बंद बाथरूममधला ऑक्सिजन गीझर झपाट्यानं वापरून टाकतो. मग ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसगळती झाली तर मुद्दाम मिसळलेल्या वासानं कळते, इथं गळती नसतेच, त्यामुळे नाक काही सांगत नाही. आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटीहून जास्त घट्ट पकडतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, आपल्याला वाटतं रात्री जागरण झालं म्हणून. मग पाय लटपटतात. धोका कळेपर्यंत दार उघडायची ताकद उरलेली नसते.

त्यामुळे गॅस गीझर असेलच तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टमध्ये हवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. ज्यांच्याकडे तो आतच आहे आणि लगेच हलवता येत नाही, त्यांनी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा जाऊ द्यावी आणि मगच अंघोळीला आत जावं. खिडकीला पुठ्ठा, थर्माकोल काही लावू नका. भाड्याचा फ्लॅट बघताना आपण वायफाय आणि पार्किंग विचारतो, यापुढे बाथरूममध्ये मान वर करून एकदा भिंतीकडेही बघा.

त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "गॅसचं नाव काढू नका. काय आणायचं ते तुम्हीच सांगा."

पैसे कुणी घालायचे?

इथं खरा लोचा असतो. मशीन घेणार घरमालक आणि बिल भरणार भाडेकरू. मालकाला स्वस्तातलं मशीन परवडतं, कारण त्याचं चालू बिल त्याला भरायचं नसतं. भाडेकरूला चांगलं मशीन हवं असतं, पण दोन वर्षांनी सोडून जायच्या घरात स्वतःचे आठ हजार कोण घालेल? पुण्यातल्या हजारो फ्लॅटमध्ये जुने गीझर म्हणूनच लटकत असणार, असं मला तरी वाटतं.

आम्ही काकूंसमोर शनिवारच्या प्रयोगाचा कागद ठेवला. महिन्याला ५४ युनिट म्हणजे साधारण सहाशे रुपये नुसते भिंतीत जातायत. पाच स्टारचा १५ लिटरचा गीझर साडेआठ हजारांत मिळत होता. निम्मे काकूंनी घालायचे, निम्मे आम्ही दहा महिन्यांत भाड्याबरोबर द्यायचे. महिन्याला सव्वाचारशे, म्हणजे प्रत्येकी शंभरच्या थोडं वर. आणि गीझर काकूंचाच राहणार. काकूंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "सोळा अॅम्पिअरचा पॉइंट आणि अर्थिंग मी करून घेते, ते माझ्याकडे लागलं." वायरमनदादा आले तेव्हा कळलं, की जुन्या पॉइंटला अर्थिंगची तार नुसती बाहेर लोंबत होती. दीड वर्षं आम्ही चौघी त्याच्याखाली अंघोळ करत होतो. दादांनी मुख्य बोर्डात गळतीचा करंट लागताच बंद पडणारं आरसीसीबीही बसवून दिलं.

नव्या गीझरवर तोच रात्रीचा प्रयोग केला. आठ तासांत मीटर ०.२ नं हललं.

फेब्रुवारीचं बिल २०६ युनिटचं आलं. टाळ्या वाजवायच्या आधी हेही सांगते, की फेब्रुवारीत थंडी कमी झाली होती आणि महिना दोन-तीन दिवसांनी लहान. त्यामुळे सगळं श्रेय गीझरला नाही. थोडं बाथरूमच्या दारावर चिकटवलेल्या वेळापत्रकाला आहे आणि थोडं नाशिककरच्या मोठ्या मनाला.

आजीचा बंब आणि गच्चीवरची टाकी

ही सगळी कथा मी फोनवर आजीला सांगितली तर ती हसली. सातारा जिल्ह्यात आमच्या घरी परसदारी तांब्याचा बंब आहे. मधोमध नळकांडं, त्यात जाळ, आणि जाळाच्या चहूबाजूंनी पाणी. इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पोराला दाखवा, तो म्हणेल, हा तर बॉयलर! चुलीवर हंडा ठेवला की बरीचशी उष्णता बाजूनं निघून जाते, बंबात ती पाण्यातूनच वाट काढत जाते. जळण काय, तर नारळाच्या करवंट्या, शेंगांची टरफलं, मक्याची बुरकुंडं. वीजबिल शून्य. पण पहाटे उठून तो पेटवणारी आणि धुरात डोळे चोळणारी माणसं घरातल्या बायकाच होत्या, हे त्या शून्यात धरलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी बाबांनी गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवला. इथं एक गफलत नेहमी होते. सोलर म्हटलं की लोक वीज तयार करणारी निळी पॅनेल्स समजतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि पुढच्या यंत्रणेला मिळणारं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान त्या पॅनेल्सना आहे. पाणी तापवणारी यंत्रणा वेगळी. काचेच्या नळ्या असतात, थर्मासच्या आतल्या काचेसारख्या दुहेरी आणि मधे निर्वात. ऊन आत येतं पण उष्णता बाहेर पडत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. पंप नाही, मोटर नाही. केंद्र सरकारच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या माहितीनुसार रोज १०० लिटर पाणी देणारी अशी यंत्रणा वर्षाला साधारण १,५०० युनिट वाचवू शकते. आजीची तक्रार होती, की ऊन दुपारी आणि अंघोळ पहाटे, मग उपयोग काय? पण फोमच्या जाड थरामुळे दुपारचं पाणी पहाटेपर्यंत गरम राहतं. पावसाळ्यात मात्र आठ-आठ दिवस ऊन नसलं की बंब पुन्हा पेटतो, आणि आजीच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद असतो तो बघण्यासारखा असतो.

तिसरा पर्याय हीट पंपचा. फ्रिजच्या बाजूला हात लावला तर गरम लागतं ना? आतली उष्णता उचलून बाहेर टाकलेली असते. हीट पंप हेच उलट करतो, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. तो वीज उष्णता तयार करण्यात घालवत नाही, फक्त वाहून नेण्यात घालवतो, म्हणून कॉइलच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम भागतं. आपल्याकडच्या उबदार हवेत तर तो मजेत चालतो. किंमत मात्र चार पोरींच्या ऐपतीतली नाही. मोठी हॉस्टेल्स आणि हॉटेलं तो वापरतात. तुमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर पंख्यासारखं गुणगुणणारं एखादं खोकं दिसलं तर रेक्टरना विचारून बघा.

आणि आमच्या सोसायटीची गच्ची? तिथंही सोलर होताच! बिल्डरनं सुरुवातीला बसवलेला आणि काही वर्षांपासून मेलेला. सेक्रेटरीकाका म्हणाले, "तो शोभेचा आहे." आम्ही प्लंबरदादांना घेऊन वर गेलो. सात नळ्या फुटलेल्या, टाकीत क्षाराचे पापुद्रे, पाइपांवरचं आवरण उन्हानं गळून पडलेलं. दादांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी कुणाच्या डोक्यातही आली नव्हती. दोन-तीन फ्लॅटमध्ये गरम-गार मिक्सर दोन्ही बाजूंनी उघडा ठेवून पुढे शॉवरचा कॉक बंद करायची सवय होती. त्यामुळे गार पाणी उलटं गरम पाइपात शिरायचं आणि सगळी विंग म्हणायची, सोलर बेकार आहे.

आम्हाला सोसायटीच्या सभेत बोलायचा हक्क नाही, आम्ही भाडेकरू. पण काकूंना आहे. त्यांनी सभेत तीन मुद्दे मांडले. नळ्या आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बदलायचा खर्च प्रत्येक फ्लॅटमागे किती येतो, तो. पुणे महापालिका सौर ऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असला तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असले तर १० टक्के सवलत देते, तो. आणि तिसरा मुद्दा वरच्या फ्लॅटमधल्या मुलाचा. तिसऱ्या मुद्द्यानंतर सभेत फारसं कुणी बोललं नाही, असं काकू म्हणाल्या.

आम्ही पहिल्या मजल्यावर. गच्चीवरून आमच्यापर्यंत यायला गरम पाण्याला वेळ लागणार, तोवर पाइपातलं गार पाणी आधी बाहेर पडणार. दादांच्या अंदाजानं बादलीभर तरी. ते मोरीत सोडायचं नाही, फरशी पुसायला आणि कपडे भिजवायला वापरायचं, असं लातूरकरनं आत्ताच जाहीर केलंय आणि त्यावर चर्चा नाही. बिलाचंही तिनंच ठरवलं. जास्तीचे युनिट आता बादल्यांच्या हिशोबानं वाटतो, दारावरच्या वेळापत्रकाशेजारी पेन बांधलंय, जिची तिनं रेघ मारायची. नाशिककरच्या रेघा अजूनही जास्त असतात, पण ती पैसे देते आणि गाणं म्हणते.

परवा काकूंचा मेसेज आला. नळ्या रविवारी सकाळी येतायत, काचेच्या आहेत, लिफ्ट बंद आहे, चौघींनी नऊ वाजता खाली यावं. वरची मुलंही येणार आहेत. तो मुलगासुद्धा.